विषय: न सुटलेली तक्रार ‘सोडवली’ म्हणून बंद केल्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच तुमच्या कॉल सेंटरचा फोन ठेवला. पाठोपाठ तक्रार ‘सोडवली’ असा एसएमएस. काय सोडवलं तेही कळवा, कारण लॅपटॉप होता तसाच आहे: बंद करून चालू केला की विंडोजच सुरू होतं, सोबतचं उबंटू लिनक्स नाही.

मशीन तुमचंच, त्यामुळे यूईएफआय (मशीन सुरू करणारं फर्मवेअर, म्हणजेच आजचं बायोस) समजावत बसत नाही. एक एनव्हीएमई एसएसडी, त्यावर 512 एमबीचं एकच ईएफआय पार्टिशन (सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींची जागा), त्यात विंडोजचा मायक्रोसॉफ्ट आणि दोन लिनक्सचे उबंटू आणि फेडोरा असे तीन फोल्डर. सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेल्या बूट फाइली अडवणारी सोय, चालू. दोन्ही लिनक्सच्या शिमवर (सगळ्यात आधी चालणाऱ्या छोट्या बूट फाइलवर) मायक्रोसॉफ्टची सही असते, त्यामुळे ते बंद करायची गरजच नाही. कॉलेज रोडच्या तुमच्या सर्व्हिस सेंटरने बायोस अपडेट करेपर्यंत सगळं सुरळीत होतं. आता ईएफआयबूटएमजीआर या लिनक्स कमांडने फर्मवेअरच्या बूट यादीत उबंटूची नोंद घालून क्रमात वर आणली, की रीस्टार्टला ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूट मेनू, येतो. मशीन पूर्ण बंद करून चालू केलं, की नोंद गायब, उरतो फक्त ‘विंडोज बूट मॅनेजर’. फाइली जागेवर आहेत, पार्टिशन ठणठणीत आहे. नोंद तुमचं फर्मवेअर पुसतंय.

शिम ‘बूट’ फोल्डरमध्ये बूटएक्स64 या, नोंद नसताना फर्मवेअर शोधतं त्या, नावाने ठेवूनही उपयोग नाही. फर्मवेअर आधी मायक्रोसॉफ्टच्या फाइलकडे जातं आणि ती सापडली की पुढे बघतच नाही. विंडोजच्या बीसीडीएडिट कमांडने विंडोज बूट मॅनेजरचा पाथ शिमकडे वळवला तर चालतं, पण विंडोजचं मोठं अपडेट तो पाथ पुन्हा फिरवू शकतं. हे जुगाड ग्राहकाने जन्मभर करायचं का?

आता आजचा संवाद. नोंद पुसली जाते म्हटल्यावर प्रश्न आला, “सर, उबंटू सी ड्राइव्हला टाकलंय का डी?” लिनक्सला सी-डी नसतात म्हटलं. मग होल्ड, मग बासरी. परत येऊन: “सर, सीनियरशी बोललो. उबंटू थर्ड पार्टी अ‍ॅप आहे, कंट्रोल पॅनलमधून अनइन्स्टॉल करा.” तक्रार बायोसची, इलाज कंट्रोल पॅनलमध्ये! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आमच्या नाशकातलं सोमेश्वर तुमच्या लोकांना भलतंच आवडलेलं दिसतंय. आणि विंडोजच काढलं तर? “मग वॉरंटी जाईल.” कुठल्या कलमाने? “सर, आणखी काही मदत करू शकतो का?” आणखी! म्हणजे आधी केली होती.

बायोस अपडेटआधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, सस्पेंड करायचं असतं, तेही केलं नाही. टीपीएम या सुरक्षा चिपमधली बूटची मोजमापं बदलली आणि विंडोजने 48 अंकी रिकव्हरी की मागितली. की हाताशी होती म्हणून डेटा वाचला. तुमच्या इंजिनिअरचं उत्तर तयारच होतं: फॉर्मॅट.

दोनपैकी एक करा. नोंद न पुसणारं बायोस द्या, नाहीतर जुनी आवृत्ती परत टाका. डाउनग्रेड तुम्हीच लॉक केलंय, ग्राहकाला ते जमणार नाही. पुन्हा सांगतो, नोंद फर्मवेअर पुसतंय, उबंटू नाही. 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. ग्राहक राहतो तिथेच ती करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. पुढचा लॅपटॉप तुमचा नसेल, हे वेगळं सांगायला नको.

आणि ‘रीस्टार्ट करून बघा’ सांगायला फोन करू नका. रीस्टार्टला चालतं, वर लिहिलंय.

एक ग्राहक,
गंगापूर रोड, नाशिक