सकलसंतगाथेच्या शोधाबद्दल

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

अनेक संतांचे अभंग एकत्र देणारी सकलसंतगाथा कुठे मिळेल, असं विचारलंस. आधी कोणती हवी ते ठरव. त्र्यंबक हरी आवटे यांची १९२० च्या दशकातली वेगळी आणि काशिनाथ अनंत जोशी यांनी संपादित केलेली १९६७ ची वेगळी. दोन्हींत अभंगांचे क्रमांक जुळतील असं धरून चालू नकोस. ज्या लेखात तू अभंगाचा हवाला वाचलास, त्यात संपादक आणि साल पाहा. ते दिलं नसेल तर क्रमांक सोडून दे आणि पहिला चरण धर. चोखोबांच्या जोहारांना, म्हणजे ‘जोहार’ या नमस्काराने सुरू होणाऱ्या अभंगांना, मात्र तेवढं पुरत नाही. ‘जोहार मायबाप जोहार’ अशी सुरुवात एकाहून जास्त अभंगांची आहे, म्हणून तिथे दुसरा चरणही टिपून ठेव.

नुसते तुकोबा, एकनाथ किंवा नामदेव वाचायचे असतील तर एवढी धावपळ कशाला? त्यांच्या गाथा स्वतंत्र मिळतात. या ग्रंथाचं खरं मोल आहे ते चोखोबांची पत्नी सोयराबाई, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा यांच्यासाठी. त्यांचे अभंग थोडे, त्यामुळे अशा एकत्रित गाथेतच ते हाती लागतात. ‘अवघा रंग एक झाला’ सगळ्यांना पाठ असतो, पण सोयराबाईंचे बाकीचे अभंग किती जणांनी वाचलेत? तू त्यांच्यासाठीच शोधतो आहेस, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आवट्यांच्या प्रतीसाठी शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ उघड. १८०० ते १९३७ चा भाग बघ. मोठ्या ग्रंथालयांत ती संदर्भ विभागात असते. तिथून नेमकं शीर्षक आणि साल उतरवून घे. १९६७ च्या आवृत्तीला ती उपयोगी नाही, कारण तिचा पुढचा भाग १९५० ला थांबतो. पण १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाने ठरावीक ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. त्यांत कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय आहे आणि मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालयही. तिथे विचार. त्याआधी पुणे मराठी ग्रंथालय आणि मुंबई, ठाण्याची मराठी ग्रंथसंग्रहालयं पाहून घे.

संगणकावर शोधताना ‘सकलसंतगाथा’, ‘सकल संत गाथा’, ‘श्रीसकलसंतगाथा’ अशी तिन्ही रूपं टाक. सूचीत ‘श्री’ धरला असेल तर नोंद ‘स’मध्ये सापडणार नाही. संपादकाच्या नावानेही शोध. जुन्या पुस्तकावर नुसतं शकाचं वर्ष असलं तर इसवी सनासाठी त्यात ७८ मिळव. जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९. स्कॅन मिळाला तर पानांचे आकडे ओळीने तपास. एखादं पान दोनदा येतं आणि पुढचं गळतं. स्कॅनमधल्या शब्दशोधावर विसंबू नकोस, जुना टाइप आणि जोडाक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत.

विकत घ्यायची तर पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातल्या पुस्तकांच्या दुकानांत विचारून ठेव. पैसे देण्याआधी चार फोटो मागव: मुखपृष्ठानंतरचं नावाचं पान, त्यामागची बाजू, अनुक्रमणिका आणि अगदी शेवटचं छापील पान. पहिल्या चरणांची अकारादी सूची बहुधा शेवटी असते आणि जाड पुस्तकाची शेवटची पानंच आधी सुटतात. सूची नसेल तर हजारो अभंगांत एक शोधणं म्हणजे गवताच्या गंजीतली सुई. ‘पूर्ण संच’ म्हणाले तरी अनुक्रमणिकेतल्या शेवटच्या संताचं प्रकरण आत आहे का ते पाहा.

पान कोपऱ्यात हलकेच वाकवून बघ. कड तुटून हातात आली तर कागद आम्लाने जळलाय. अशी प्रत झेरॉक्सच्या काचेवर उलटी दाबू नकोस, पाठ फुटेल. पुस्तक अर्धंच उघडून वरून मोबाइलने फोटो काढ. फाटलेल्या जागी चिकटपट्टी नको, तिचा डिंक पिवळा पडून अक्षरं खातो. पातळ टिश्यू आणि मैद्याची खळ वापर, खळीत थेंबभर जास्त पाणी झालं तरी पान फुगतं. आणि बाइंडरकडे दिलीस तर ‘कटिंग करायचं नाही’ असं त्याच्यासमोर पहिल्या पानावर पेन्सिलीने लिही. एकदा कापली गेलेली प्रत पुन्हा कापली की समासातले अभंगांचे आकडेच जातात.

सोयराबाईंची पानं मिळाली की त्यांची यादी मला पाठव, पहिल्या चरणांसकट.

तुझा,
माधव