रेडिओग्रामच्या सदोष दुरुस्तीबद्दल तक्रार आणि काढलेले मूळ भाग परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 'संपूर्ण पुनरुज्जीवन' म्हणून बिल केलेले काम न होणे, झालेल्या कामाने सेटचे नुकसान होणे

महोदय,

आपल्या नागपूर शाखेने आमचा १९५० च्या दशकातला सहा व्हॉल्व्हचा (निर्वात काचेच्या नळ्यांचा) रेडिओग्राम, म्हणजे एकाच कॅबिनेटमधला रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेयर, दुरुस्त करून घरी पोहोचवला. बिल ३८,५०० रुपयांचे आहे: इलेक्ट्रॉनिक कामाचे १४,०००, रेकॉर्ड चेंजरचे (तबकड्या वाजवणाऱ्या भागाचे) ९,५०० आणि कॅबिनेटचे १५,०००. पूर्ण रक्कम भरलेली आहे. सेट वाजतो आणि कॅबिनेट आरशासारखे चमकते, म्हणून शाखेच्या मते काम पूर्ण झाले. मागची फळी काढून मल्टीमीटर लावल्यावर जे दिसले, ते खाली लिहीत आहे.

सगळ्यात गंभीर गोष्ट आधी. बिलात 'सर्व कंडेन्सर बदलले' असे लिहिले आहे. प्रत्यक्षात ईएबीसी ८० या व्हॉल्व्हच्या प्लेटपासून ईएल ८४ या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (प्रवाह नियंत्रित करणाऱ्या जाळीकडे) आवाजाचा सिग्नल नेणारा कपलिंग कंडेन्सर जुना, कागदी, मेणातलाच आहे. त्यावर नवे मेण ओतून तो नवा भासवला आहे. मेणाखाली जुन्या छपाईचे आकडे अजून वाचता येतात. सबंध सेटमध्ये एकच कंडेन्सर बदलायचा असता, तर तो हाच बदलायला हवा होता. जुना कागद ओल धरतो, त्यातून डीसी (एकदिश प्रवाह) गळते आणि ज्या ग्रिडवर चॅसिसच्या (सेटच्या धातूच्या सांगाड्याच्या) तुलनेत शून्य व्होल्ट हवेत तिथे पॉझिटिव्ह दाब चढतो. आमच्या सेटमध्ये ग्रिडवर ५ व्होल्ट आहेत. त्याच व्हॉल्व्हच्या कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाच्या) १५० ओहम रेझिस्टन्सवर साडेसात व्होल्टच्या आसपास दाब असायला हवा, तो १०.८ भरला. म्हणजे पन्नासऐवजी ७२ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो आहे. प्लेटवर साधारण १५ वॅट उष्णता होते आणि ईएल ८४ ची मर्यादा १२ वॅटची आहे. सेट तासभर लावून दिवा मालवला की व्हॉल्व्हची प्लेट मंद लालसर दिसते. असाच चालू राहिला तर आधी हा व्हॉल्व्ह जाईल, मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्ह एक वेळ मिळेल, त्या मापाचा मूळ ट्रान्सफॉर्मर कुठून आणायचा?

यावर उपाय अगदी किरकोळ खर्चाचा आहे: ०.०२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सर. तो बसवल्यावर ग्रिड शून्यावर येते की नाही हे तपासणे दोन मिनिटांचे काम आहे. ते झालेले नाही.

फिल्टरचे (गुणगुण काढणाऱ्या कंडेन्सरांचे) काम याच्या उलट, नको तेवढे केले आहे. ईझेड ८० या रेक्टिफायर व्हॉल्व्हच्या (एसीचे डीसी करणाऱ्या) लगेच पुढे २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावला आहे. या व्हॉल्व्हला पहिला फिल्टर जास्तीत जास्त ५० मायक्रोफॅरडचा चालतो. त्याहून मोठा लावला की प्रत्येक चार्जिंगला प्रवाहाचा फटका वाढतो आणि कॅथोडवरचा लेप उडू लागतो. त्यात ईझेड ८० ची एकूण क्षमता ९० मिलिअँपिअर, आणि वर सांगितलेल्या गळतीमुळे या सेटची मागणी तिच्याही पुढे गेली आहे. गुणगुण कमी करण्यासाठी हे केले, असे शाखेतून सांगण्यात आले. गुणगुण कमी करायची तर पहिला ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा ठेवून दुसरा वाढवायचा असतो. चाळीस-पन्नास वर्षे व्हॉल्व्हचे सेट हाताळणारा कोणताही जुना मेकॅनिक हे सांगेल. मेन्स आणि चॅसिस यांच्यामधला कंडेन्सरही साधा ४०० व्होल्टचा आहे. तिथे वाय-२ वर्गाचाच (सुरक्षेसाठी खास बनवलेला) हवा, कारण तो शॉर्ट झाला तर संपूर्ण चॅसिस जिवंत होते. वायर दोन पदरी आहे, अर्थिंग नाही. लहान मुले असलेल्या घरात हे चालणार नाही.

आता चेंजर. मूळ मोटर जागेवर आहे, पण शाफ्टवरची पायरीदार पुली बदलून ६० हर्ट्झच्या विजेसाठीची बसवली आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे सगळेच वेग सहात पाच या प्रमाणात उतरले: मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी ६५ ने फिरते आणि ३३⅓ ची २७.८ ने. हार्मोनियमच्या काळी दोनमध्ये गायलेली रेकॉर्ड जवळजवळ पांढरी एकमध्ये ऐकू येते. हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. ५० हर्ट्झची (रेघा छापलेली) स्ट्रोबोस्कोप चकती जुन्या, तांब्याच्या चोकच्या ट्यूबलाइटखाली किंवा निऑन दिव्याखाली ठेवली की पुरे. ७८ साठी ७७ रेघा, ४५ साठी १३३ आणि ३३⅓ साठी १८०. रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर, मागे सरकल्या तर कमी. आमच्या सेटवर त्या धावतच मागे जातात. हँडओव्हरच्या वेळी आपल्या माणसाने 'जुन्या रेकॉर्डचा आवाज असाच असतो' असे सांगितले. तो असा नसतो.

पिकअपबद्दल (रेकॉर्डवरून आवाज उचलणाऱ्या हेडबद्दल) थोडक्यात. 'मूळ क्रिस्टल हेड दुरुस्त केले' अशी नोंद बिलात आहे. त्या हेडमधला रोशेल सॉल्टचा स्फटिक कोरड्या हवेत स्वतःतले पाणी सोडतो आणि दमट हवेत विरघळू लागतो. नागपूरचा मे महिना आणि बंद खोलीतला कूलर, या दोन्हींतून गेलेला स्फटिक दुरुस्त होत नाही, हेड बदलावेच लागते. बदललेलेच आहे, पण एकच २५ मायक्रॉनची सुई घालून. ती एलपीला ठीक. ७८ च्या रुंद खोबणीत ती तळाशी घासते. तिथे ६५ ते ७५ मायक्रॉनची लागते, म्हणून दोन सुयांचे उलटणारे हेड हवे.

कॅबिनेटचे नुकसान मात्र पैशाने भरून येणारे नाही, म्हणून ते सविस्तर लिहितो. सागवानी विनियर (लाकडाचा वरचा पातळ पापुद्रा) जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाडीचे असते. त्यावर मशीनने पॉलिशपेपर फिरवला आणि झाकणाच्या पुढच्या कडेला व उजव्या कोपऱ्यात विनियर पार उडून खालचे प्लाय उघडे पडले. तिथे तपकिरी रंग लावून वरून पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश) मारला. आधी कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन आतल्या बाजूला एका कोपऱ्यात पाहिले असते, तर पॉलिश चपडी लाखेचे आहे हे लगेच कळले असते. लाखेचे पॉलिश स्पिरिटने मऊ होऊन उतरते, मशीनची गरजच पडत नाही. उचकटलेले विनियर गरम सरसाने पुन्हा बसते, आणि नवे पॉलिश लिटरभर स्पिरिटमध्ये पाव किलोपर्यंत चपडी भिजवून बोळ्याने पातळ थरांत चढते. जुन्या मेणावर मारलेला पीयू आताच डाव्या बाजूला नखाने सुटतो आहे. फवारा उडून स्पीकरच्या जाळीचे कापडही कडक झाले आहे.

आणि डायलची काच. स्टेशनांची नावे काचेच्या मागच्या बाजूला छापलेली असतात. तिथे फक्त मऊ कुंचल्याने धूळ झटकायची, ओले काही लावायचे नाही. आपल्या कारागिराने मागून काचेचे क्लीनर फिरवले. कोलंबो या नावाची पहिली दोनच अक्षरे उरली, पुढची नावे पुसून गेली. त्यांवर छापील स्टिकर चिकटवला, तोही मापात नाही. नागपूर केंद्राची ५८५ किलोहर्ट्झची, म्हणजे ५१३ मीटरची जागा आता खऱ्या जागेपासून बोटभर सरकली आहे.

आमच्या मागण्या अशा. बिलाची पूर्ण रक्कम परत मिळावी. काढलेला प्रत्येक मूळ भाग परत मिळावा: ५० हर्ट्झची पुली, जुने हेड, फिल्टरचा ॲल्युमिनियमचा डबा, मागच्या फळीचे स्क्रू आणि विनियरचे निघालेले तुकडे. आमच्या लेखी ते टाकाऊ नाहीत. पुढचा कारागीर त्यांच्यावरूनच मापे घेईल. विनियर आणि डायल पूर्ववत करण्याचा खर्च आमच्या पसंतीच्या कारागिराच्या अंदाजपत्रकाप्रमाणे द्यावा. सेट पुन्हा आपल्या वर्कशॉपमध्ये पाठवला जाणार नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार नागपूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती दाखल करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्क लागत नाही. तोवर आमच्या सेटचा एकही भाग भंगारात देऊ नये, आणि तशी सूचना आजच आपल्या नागपूर शाखेला द्यावी.

कळावे.

आपला ग्राहक,
धरमपेठ, नागपूर

सोबत: बिलाची प्रत, मल्टीमीटरच्या नोंदी, चॅसिस, झाकण व डायलची छायाचित्रे