लोकल भरली म्हणजे भीती गेली असे नव्हे

संपादक महोदय,

गुढीपाडव्यापासून, म्हणजे २ एप्रिल २०२२ पासून, राज्यातले करोनाचे सगळे निर्बंध उठले, मास्कही ऐच्छिक झाला. तेव्हापासून ‘तुमचे आयुष्य पूर्वपदावर आले का?’ असा कौल आपल्या दैनिकासकट जो तो घेतो आहे. हो, नाही, सांगता येत नाही. एक बटण दाबायचे. सोबत पुरावा म्हणून लोकलच्या गर्दीचे छायाचित्र. मी डोंबिवलीत नाटकाच्या तिकीट खिडकीवर बसतो आणि मला हा पुरावाच मान्य नाही.

लोकल भरते ती पोटासाठी. १५ ऑगस्ट २०२१ पासून लसीचे दोन डोस घेऊन १४ दिवस झालेल्यांना लोकल खुली झाली, तेव्हा पासासाठी रांगा लागल्या. त्या रांगेतला माणूस निर्धास्त होता असे कोण म्हणेल? साहेबाने बोलावले, तो गेला. लोकांच्या फोनच्या ठिकाणावरून काढलेले गूगलचे २०२२ पर्यंतचे मोबिलिटी अहवालही त्याच जातीचे. ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० हा काळ पाया धरून कचेऱ्या, दुकाने, स्थानके, बागा इथला वावर किती वाढला-घटला ते सांगत. माणूस नाइलाजाने गेला की हौसेने, हे त्यातून कसे कळणार? शिवाय आमचे कित्येक जुने प्रेक्षक फोन घरी चार्जिंगला लावून फिरायला जातात. ते हिशेबातच नाहीत.

नाटकाला मात्र कुणी नाइलाजाने येत नाही. (बायकोने आणलेले नवरे सोडून.) म्हणून लोकांचा कल बघायचा तर आमचा खुर्च्यांचा प्लॅन बघा. २२ ऑक्टोबर २०२१ ला निम्म्या आसनांवर नाट्यगृहे उघडली आणि एकाआड एक खुर्चीवर फुली मारलेला प्लॅन पुढ्यात घेऊन बसलो. पूर्वी तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या मधल्या खुर्च्यांवरून खिडकीशी वाद व्हायचे. आता त्याच पडून राहात आणि कडेच्या, दाराजवळच्या आधी जात. फोनवर विचारणा काय, तर ‘एसी किती वेळ लावता?’, ‘मध्यंतरात दारे उघडता ना?’, ‘शेजारची खुर्ची नक्की रिकामी?’ नाटकात काम कोण करतंय, हे सगळ्यात शेवटी. जानेवारीत ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा तिकिटे परत करायला आलेल्यांनी लग्न, पाहुणे, मुलाची परीक्षा, सगळी कारणे सांगितली. ‘भीती वाटते’ असे एकही जण बोलला नाही. खिडकीवर जे बोलत नाहीत ते बटण दाबून कबूल करतील होय?

आता सगळ्या खुर्च्या विकतो. तरुण मंडळी मध्ये बसतात. ज्येष्ठ अजून कडेचीच मागतात. सगळ्यांचेच गुडघे एकदम दुखायला लागलेत म्हणे. मध्यंतरात बटाटेवड्याला पहिल्यासारखी झुंबड, पण पाण्याची बाटली जो तो घरून आणतो. म्हणजे एकच माणूस वड्याला ‘हो’ आणि पाण्याला ‘नाही’ म्हणतो आहे. त्याने कुठले बटण दाबायचे?

आणि दर महिन्याला नेमाने येणारे काही ओळखीचे फोन अजून आलेलेच नाहीत. त्यांचा रकाना कुठल्याच कौलात नसतो.

तेव्हा ‘पूर्वपदावर आलात का’ हे सोडा. गेल्या महिन्यात काम नसताना, निव्वळ हौसेने कुठे गेलात आणि कुठे जायचे टाळलेत, एवढे विचारा. तीन महिन्यांनी त्याच माणसांना पुन्हा विचारा, नाहीतर कल बदलला की उत्तर देणारे बदलले, हे समजायचे नाही. आणि नुसत्या संकेतस्थळावर विसंबू नका, लँडलाइनवरही फोन करा. फक्त दुपारी चारनंतर. आधी केलात तर जे उत्तर मिळेल ते करोनाबद्दल नसेल.

– नाटकाच्या तिकीट खिडकीवरचा एक कर्मचारी, डोंबिवली