रात्री दोन वाजता विद्यार्थ्याने फोन लावायचा कुणाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हल्ली प्रत्येक कॉलेजात मानसिक आरोग्यावर सेमिनार होतो, पाहुणे येतात, बॅनरपुढे फोटो निघतात. होऊ देत, वाईट काहीच नाही त्यात. पण एखाद्याला रात्री दोन वाजता खरोखर जगणं नको झालं तर त्याने नेमकं काय करायचं, हे त्या हॉलमधल्या किती जणांना सांगता येईल?

आमच्या कॉलेजात काउन्सेलर आहेत. मॅडम चांगल्या आहेत, पण येतात आठवड्यातून दोनदा आणि ते पण लेक्चरच्या वेळेत. खोली ऑफिसला लागून, दारात शिपाईकाकांचं टेबल आणि त्यावर रजिस्टर, त्यात नाव, वर्ग, रोल नंबर आणि शेवटचा कॉलम 'भेटीचे कारण'. एकदा सहज ते पान बघितलं तर वरपासून खालपर्यंत सगळ्यांनी 'बोनाफाईड' लिहिलेलं! बोनाफाईड मिळतं शेजारच्या खिडकीवर. काकांना पण ते माहितीये, काही बोलत नाहीत बिचारे. आता जिथे साधं दार ओलांडायला खोटं लिहावं लागतं तिथे आत जाऊन खरं बोलायला किती धीर लागत असेल, विचार करा.

आणि ही झाली नेहमीच्या ताणासाठीची सोय. जीवावर बेतलेली वेळ वेगळी असते, तिला पुढच्या मंगळवारची अपॉइंटमेंट देऊन चालत नाही. तो तीव्र झटका बऱ्याचदा काही तासांत ओसरतो, तेवढा वेळ कुणीतरी सोबत असणं हीच खरी मदत असते, आणि नेमकं तेव्हाच ऑफिसला कुलूप, हॉस्टेलचं गेट बंद आणि रेक्टर फोन उचलत नाहीत.

यासाठी केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून. चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. फोन लावल्यावर भाषा निवडायची, मग समुपदेशक बोलतात आणि गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतात. माझ्या वर्गात विचारलं तर हा नंबर जवळपास कुणालाच माहीत नव्हता, फूड डिलिव्हरीचे कूपन कोड मात्र सगळ्यांचे पाठ. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये स्पष्ट सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत पात्र समुपदेशक हवा, हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलमध्ये, वर्गात, वेबसाइटवर ठळक अक्षरात लावायचे, स्टाफला वर्षातून किमान दोनदा ट्रेनिंग द्यायचं. आमच्या नोटीस बोर्डावर अजून मागच्या वर्षीच्या गॅदरिंगची यादी आहे.

पोरं फोन का करत नाहीत याचं कारण विचाराल तर निम्मी भीती 'घरी कळवतील' ही आणि निम्मी 'पोलीस केस होईल' ही. दुसरीचं उत्तर तर सरळ आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मधला आहे, त्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरतात, त्याला शिक्षा करायची नाही, उलट उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी. पहिल्या भीतीचं उत्तर कॉलेजने लेखी द्यावं. उपचारांची माहिती गोपनीय ठेवायची असं कायदाच म्हणतो, अपवाद असतात, जीवाला धोका असेल तर सांगावं लागतं, पण मग काउन्सेलरशी बोललेलं कोणाला कळेल आणि कधी हे पहिल्याच दिवशी सांगून टाका ना. वर्गशिक्षकांना रिपोर्ट जातो अशी नुसती कुजबुज असली तरी कुणी तिकडे फिरकत नाही.

अजून एक, आम्हा मित्रमैत्रिणींसाठी. अशा वेळी पहिला मेसेज येतो तो रूममेटला, काउन्सेलरला नाही. मग आपण घाबरून 'अरे टेन्शन घेऊ नको, झोप' म्हणतो. तसं करू नका. "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?" असं थेट विचारा, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट समोरच्याला बोलायला वाट मिळते. मग उपदेश न करता ऐका, एकटं सोडू नका, शेजारी बसून १४४१६ लावा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका. धोका अगदी समोर दिसत असेल तर ११२ लावा नाहीतर सरळ जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या, अशा वेळी गेट उघडायला रेक्टरच्या सहीची वाट बघायला लागू नये एवढा नियम तरी करा.

प्राचार्यांना आम्ही काही मुलांनी अर्ज दिलाय. आय-कार्डच्या मागे सध्या 'कार्ड हरवल्यास दंड' एवढंच छापलंय, खाली भरपूर जागा आहे, तिथे हा नंबर टाका. हॉल तिकिटावर पण टाका, रजिस्टरमधला तो कारणाचा कॉलम काढा, आणि रात्री फोन उचलेल असा एक माणूस नेमा, नाव-नंबरासकट. खर्च जवळजवळ शून्य.

आणि संपादक साहेब, एक विनंती तुम्हालाही. निकालाच्या दिवशी तुमच्या पहिल्या पानावर टॉपर्सचे फोटो असतात, त्यांच्याच खाली १४४१६ ठळक छापाल का?

आपली,
तृतीय वर्षाची एक विद्यार्थिनी