पक्याला पत्र: गॅरेजमधलं लोखंड आणि स्कीचा साचा

प्रिय पक्या,

फोटो बघून तू विचारलंस की गॅरेजमध्ये एवढं लोखंड कशाला गोळा करतोयस लेका, ते व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळीत सांगण्यासारखं नव्हतं म्हणून बसून लिहितोय. स्कीचा साचा बनवतोय. शिरोलीच्या एमआयडीसीत तुझं सगळं आयुष्य पॅटर्न आणि डाय बघण्यात गेलं, त्यामुळे तुझ्याकडून चार शिव्या खायच्याही आहेत.

स्की म्हणजे थरावर थर. खाली प्लॅस्टिकचा बेस, त्याच्या कडेनं स्टीलची पट्टी, मग फायबरग्लास, लाकडाचा कोअर (मेपल आणि अ‍ॅश इथं व्हरमाँटमध्ये लोकलच मिळतं), परत ग्लास आणि वर टॉपशीट. सगळं इपॉक्सी गोंदात भिजवायचं, साच्यावर ठेवायचं, गरम करून दाबायचं. दाबायला काय वापरतात माहितीय, फायर ब्रिगेडचा होजपाईप, दोन्ही तोंडं पट्ट्यांनी आवळायची आणि कंप्रेसरनं हवा भरायची. जुगाड वाटतो ना, पण हिशोब कर. लांबी १८० सेंटिमीटर, रुंदी सरासरी ११ धर, ३ बार हवा म्हणजे सहा टन जोर झाला. हलक्या फ्रेमचं काम नाही, आय-बीमच लागतात.

बहुतेक हौशी लोक साचा एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाचा, करतात, पट्ट्या कापून शेजारी शेजारी आवळायच्या. स्वस्तात काम होतं पण ओल लागली की फुगतो, आणि ७०-८० डिग्री गरम करून परत परत दाबला की कडा बसायला लागतात. शिवाय एक साचा म्हणजे एकच आकार. हिची स्की १६० ची, माझी १८० ची, आणि इथला बर्फ असला विचित्र, आज पाऊस पडून सगळं काचेसारखं कडक, पुढच्या आठवड्यात गुडघाभर भुसभुशीत. कडक बर्फावर कॅम्बर लागतो, म्हणजे स्की टेबलावर ठेवली की मध्ये काही मिलिमीटर उचललेली, वर उभं राहिलं की ती दबते आणि पुढची मागची कड बर्फात रुतते. भुसभुशीत बर्फावर उलटं, टोकं लवकर वर वळलेली पाहिजेत. २००२ साली शेन मकॉन्की नावाच्या स्कीपटूनं व्होलांट कंपनीकडून स्पॅट्युला नावाची स्की काढली, तिचा मधला भागच सगळ्यात खाली, केळ्यासारखी. मग प्रत्येक वळणाला नवीन साचा करत बसलो तर गाडी बाहेरच लावावी लागेल.

म्हणून मग सगळंच बोल्टवर अ‍ॅडजस्टेबल करावं असं वाटतं, आणि मला तेच पटत नाही. माझं डिझाइन तीन तुकड्यांचं आहे. टोकाचा आणि शेपटीचा ब्लॉक फिक्स आकाराचा, लेझर कट प्लेटच्या फासळ्या आणि त्यातून आरपार थ्रेडेड रॉड. ते चॅनेलवर पुढं मागं सरकतात, लांबी तिथं बदलते. मधल्या भागात ३ मिमी पत्रा, खाली दर १० सेंटिमीटरला आडवी पट्टी, प्रत्येक पट्टी दोन एम-१२ (१२ मिमी) बोल्टवर. एक आटा म्हणजे पावणेदोन मिमी, पाव आट्यात अर्ध्या मिमीच्या आत काम होतं. एका पट्टीवर साधारण ३३० किलो येतात, बोल्टला ते काहीच नाही. घोळ होतो तो पत्र्याचा. पट्ट्या १५ सेंटिमीटरवर नेल्या की झोळ पाचपट, कारण तो अंतराच्या चौथ्या घातानं वाढतो, आणि ती लाट सरळ बेसवर उमटते. बरं जाड पत्रा घ्यावा तर तो वाकत नाही.

दुसरी गोम सांध्यात आहे. कॅम्बर वाढवला की मधल्या भागाच्या टोकाशी उतार बदलतो, ब्लॉक सपाट बसवला तर तिथं कोपरा तयार होणार. म्हणून ब्लॉक आतल्या बाजूला पिनवर आणि बाहेरच्या बाजूला दोन बोल्टवर, म्हणजे थोडा कलतो. वरून सलग अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा टाकायचा, तो सांधा झाकतो. होजच्या वर येणारा साचा मात्र ढोबळ चालतो, फरक होज भरून काढतो.

आणि एवढा खटाटोप कशाला म्हणशील तर साच्यात ४ मिमी कॅम्बर ठेवला म्हणून स्कीत ४ येत नाही रे. स्टील, प्लॅस्टिक, लाकूड, ग्लास, गार होताना प्रत्येकजण वेगळं आकसतो. पूर्ण गार होईपर्यंत प्रेसमध्येच ठेवली तरी थोडा फरक राहतोच. एमडीएफच्या साच्यात हे कळलं की घासत बसायचं, इथं पाना घेतला आणि पुढची जोडी दुरुस्त.

आता तू सांग, गरम गार होऊन लॉक नट ढिले होतील का? की बोल्टऐवजी पाचरी ठोकू? मला पाचर जास्त भरवशाची वाटते पण पाव मिमी पकडायला बोल्ट बरा. ड्रॉइंग मेल करतोय, फासळ्यांना ६ मिमी प्लेट पुरेल का तेवढं बघ, इथं कटिंगचा रेट ऐकून घाम फुटतो त्यामुळे ८ ची गरज नसेल तर उगाच सांगू नकोस. काकूंना नमस्कार.

तुझा,
नंद्या