वरणाची वाटी आणि ओबद्याचा जाब

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला बायबलमधल्या याकोब आणि एसाव या जुळ्या भावांवरचा लेख वाचला. लेख रंगला आहे, पण वाटीभर मसुरीच्या वरणासाठी थोरलेपण विकणाऱ्या एसावापाशीच तो घुटमळतो आणि पुढच्या कित्येक शतकांच्या वैराचे खापर त्या वाटीवर फोडून मोकळा होतो. हे पटले नाही.

मुळात भावांचे भांडण मिटले होते. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाचे 32 आणि 33 हे अध्याय पाहावेत. थोरल्याचा आशीर्वाद बापाकडून लबाडीने घेऊन पळालेला याकोब 20 वर्षांनी घरी निघतो, तर एसाव 400 माणसे घेऊन येतोय असा निरोप. याकोबाची गाळण उडते. शेळ्या, मेंढ्या, उंटिणी, गायी, गाढवे मिळून 550 जनावरे तो नजराणा म्हणून पुढे धाडतो (उंटिणींची पिल्ले वेगळीच!). एसाव मात्र धावत येऊन गळ्यात पडतो, दोघे रडतात. वर, माझ्याकडे पुष्कळ आहे, तुझे तुलाच राहू दे, असेही म्हणतो. फसवला गेलेला हा थोरला मला धाकट्यापेक्षा कांकणभर सरस वाटतो. पुढे बापालाही दोघांनी मिळून मूठमाती दिली.

वैर वाढले ते वंशजांत, आणि कारणे आपल्याकडच्या भाऊबंदकीतलीच. इजिप्तहून आलेल्या इस्राएलींनी, म्हणजे याकोबाच्या वंशजांनी, अदोमाकडे, म्हणजे एसावाच्या वंशजांकडे, वाट मागितली. शेतात शिरणार नाही, विहिरीचे पाणी प्यालो तर पैसे देऊ, असेही कबूल केले. अदोमाने सैन्य आडवे घातले. पुढे इस्राएलचा राजा दाविदाने अदोम जिंकून तिथे आपली ठाणी बसवली. वाट, पाणी, ताबा! तलाठ्याच्या दप्तरात याहून वेगळे काय असते?

लेखात ओबद्या संदेष्ट्याचे नावही नाही, याचे आश्चर्य वाटले. अवघ्या 21 ओव्या, हिब्रू बायबलमधले सर्वांत छोटे पुस्तक. त्याचा रोख बहुधा इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबिलोन्यांनी याकोबाच्या वंशजांचे यरुशलेम पाडले त्या दिवसांवर आहे. तो वरण काढत नाही, चोरलेला आशीर्वाद काढत नाही. अदोमाला जाब विचारतो तो त्या दिवसाचा. परके वेशीत शिरले तेव्हा तू बाजूला उभा राहिलास. मग हसलास. मग लुटीत हात घातलास. शेवटी चव्हाट्यावर उभा राहून पळणाऱ्यांना धरून दिलेस. एवढे सुनावतानाही अदोमाशी बोलताना तो ‘तुझा भाऊ याकोब’ असेच म्हणतो. परक्या बाबिलोन्यांना इथे जाब नाही, तो भावालाच आहे.

अर्थात ओबद्याही शेवटी एसावाच्या घराण्याचा भुसा जाळायला निघतो, तिथे मी त्याच्यासोबत जात नाही. शिवाय अदोमाची कैफियत सांगणारा ग्रंथ आपल्यापर्यंत आलेला नाही, हा खटला एकतर्फीच वाचावा लागतो. तरी ओबद्याच्याच लोकांच्या नियमशास्त्रात, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात, अदोम्याचा तिरस्कार करू नको, तो तुझा भाऊ आहे, असे कलम टिकून राहिले.

आणखी एक. लेखाच्या शेवटी हेरोद राजाने यरुशलेमचे मंदिर नव्याने बांधल्याचा उल्लेख आहे. हा हेरोद इदोमी, म्हणजे अदोमाकडच्याच घराण्यातला. यहुद्यांचा सत्ताधारी महायाजक हिर्कानस याने इ.स.पू. दुसऱ्या शतकात इदोम जिंकून तिथल्या लोकांना सुंता करायला लावली होती, त्यांच्यातलाच. एवढे वाक्य लेखात यायला हवे होते.

– एक वाचक, अलिबाग