तीसपैकी एक

प्रिय चिऊ,

काल रात्री तू पाठवलेलं व्हेंचर कॅपिटल फंडातल्या, म्हणजे नव्या कंपन्यांत पैसे गुंतवणाऱ्या फंडातल्या, नोकरीचं ऑफर लेटर दोनदा वाचलं. खाली तू एवढंच लिहिलं होतंस, 'आई, घेऊ ना?' मी लगेच 'घे' म्हणून कळवलं आणि मग रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पंचवीस वर्षं मी हेच काम केलं. लहानपणी तू माझ्या फोनजवळ कान देऊन बसायचीस आणि विचारायचीस, 'तू लोकांना पैसे देतेस की त्यांच्याकडून घेतेस?' तेव्हा मी हसून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

दोन्ही. आधी मागायचे, मग द्यायचे. फंडातले पैसे आपले नसतात. पेन्शन फंड, विद्यापीठांचे निधी, विमा कंपन्या, काही धनाढ्य घराणी यांचे उंबरठे झिजवून ते उभे करावे लागतात, साधारण दहा वर्षांच्या बोलीवर. पहिली चार-पाच वर्षं नव्या कंपन्यांत पैसे घालायचे, उरलेल्या वर्षांत त्या सांभाळायच्या आणि मग विकायच्या किंवा शेअर बाजारात न्यायच्या. दरवर्षी फंडाच्या दोनेक टक्के रक्कम खर्चापोटी मिळते, त्यातून पगार निघतात. मूळ पैसे परत केल्यावर जो नफा उरेल त्यातला साधारण पाचवा हिस्सा आपला, त्याला कॅरी म्हणतात. त्याचं तोंड बरीच वर्षं दिसत नाही, आणि कित्येकांना कधीच दिसत नाही. हे सगळं तुला ठाऊक असेलच. मला सांगायचंय ते याच्या पुढचं आहे, आणि ते सांगायला आधी थोडं गणित मांडावं लागेल.

समजा, वीस कोटी डॉलरचा फंड आहे आणि त्यातून तीस कंपन्यांत पैसे घातले. पुढच्या प्रत्येक राऊंडला, म्हणजे कंपनी नवे पैसे उभे करते त्या फेरीला, आपला हिस्सा थोडा थोडा कमी होत जातो, शेवटी पंधरा टक्के उरला असं धरू. पैसे देणाऱ्यांना दहा वर्षांनी तिप्पट हवे असतात, म्हणजे साठ कोटी. पंधरा टक्क्यांतून साठ कोटी यायचे तर आपल्या सगळ्या कंपन्यांची मिळून चारशे कोटी किंमत यायला हवी. आणि तीसातल्या निम्म्याहून जास्त कंपन्यांतून मुद्दलही परत येत नाही, असं धरूनच चालायचं असतं. म्हणजे भार सगळा दोन-तीन कंपन्यांवर. आता यातल्या एका कंपनीला कुणी दहा कोटींना विकत घ्यायला तयार झालं. फाउंडरकडे, म्हणजे कंपनी काढणाऱ्याकडे, पंचवीस टक्के असतील तर त्याच्या पदरात अडीच कोटी पडतात. त्याचं, त्याच्या आईवडिलांचं, मुलांचं आयुष्य बदलून जातं. फंडाला मिळतात दीड कोटी. साठातले दीड.

हे गणित कुणा लोभी माणसाने रचलेलं नाही, धंद्याचा पिंडच तसा आहे. १९४६ मध्ये बॉस्टनला जॉर्ज दोरिओ यांनी अशा गुंतवणुकीची पहिली मोठी कंपनी उभी केली. जन्माने फ्रेंच, हार्वर्डला प्राध्यापक. त्यांनी १९५७ मध्ये केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन या दोन इंजिनिअरांना ७०,००० डॉलर दिले. मागणी करताना 'कॉम्प्युटर' हा शब्दच वापरू नका, असा सल्ला त्या दोघांना मिळाला होता, कारण कॉम्प्युटरमध्ये तेव्हा बड्याबड्यांचे हात पोळले होते. म्हणून कंपनीचं नाव पडलं डिजिटल इक्विपमेंट, आणि तिचं काम सुरू झालं मेनार्ड गावातल्या एका जुन्या लोकर गिरणीत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत त्या ७०,००० डॉलरच्या हिश्शाची किंमत ३५ कोटी डॉलरच्या वर गेली. दोरिओ यांच्या बाकीच्या सगळ्या गुंतवणुकी त्या एका आकड्यापुढे झाकोळून गेल्या. तेव्हापासून प्रत्येक फंड त्या एका कंपनीच्या शोधात असतो. मीही होते.

आता मी तुला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगते.

माझ्या दुसऱ्या फंडात एक कंपनी होती. रुग्णालयातली यंत्रं बंद पडायच्या आधी त्यांची देखभाल व्हावी, यासाठी ते सॉफ्टवेअर बनवायचे. फाउंडर तिशीतला, कमी बोलणारा. चौथ्या वर्षी त्याला कंपनी विकायची मागणी आली. फार मोठी नव्हती, पण बरी होती. त्याला विकायची होती. बोर्डावर आम्ही पाच जण, आणि मी म्हणाले, "अजून दोन वर्षं थांबलास तर पाचपट होईल. तुझ्यासारख्या माणसाने एवढ्यावर समाधान मानू नये." तो माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तुम्ही म्हणता तर थांबतो, मॅडम."

तीन वर्षांनी कंपनी बंद झाली. एक मोठी कंपनी त्याच क्षेत्रात उतरली, पुढचा राऊंड मिळाला नाही, खात्यातले पैसे संपत आले. शेवटच्या मीटिंगला तो लॅपटॉप न घेता आला. हातात एक रेघांची वही होती. त्यात पेन्सिलने चौदा नावं लिहिलेली होती आणि प्रत्येकापुढे रक्कम. मी नावं वाचत गेले तर क्रम लागेना. हुद्द्याप्रमाणे नव्हता, पगाराप्रमाणे नव्हता. विचारल्यावर म्हणाला, पहिली मुलगी बाळंतपणाच्या रजेवर आहे. दुसऱ्याने चार महिन्यांपूर्वी घराचं कर्ज घेतलंय. तिसऱ्याचे वडील डायलिसिसवर आहेत. पैसे कमी पडले तर वरून खाली देत यायचं. वहीत त्याचं स्वतःचं नाव नव्हतं.

थकलेले पगार तर द्यायलाच हवे होते, त्यात वाद नव्हता. त्याला प्रत्येकाला दोन महिन्यांचे जास्तीचे द्यायचे होते. पण आमच्या करारात लिक्विडेशन प्रेफरन्सचं कलम होतं. देणी भागल्यावर जे उरेल त्यातून आधी गुंतवणूकदारांचं मुद्दल, मग बाकीच्यांचं. सॉफ्टवेअर विकून जे काही आलं ते त्या कलमाप्रमाणे आमचं होतं. मी दोन दिवस माझ्या पार्टनरांशी भांडले. दोनाऐवजी एक महिना मिळाला. त्याने वही उघडली, प्रत्येक रक्कम खोडून निम्मी लिहिली, माझे आभार मानले आणि गेला.

मी ऑफिसात परत आले आणि आमच्या यादीत त्या कंपनीपुढे शून्य लिहिलं. खाली-वर मिळून आणखी एकोणतीस नावं होती. संध्याकाळी त्यांतल्याच एका कंपनीच्या नव्या राऊंडची बातमी आली आणि ऑफिसात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

चिऊ, यातली माझी चूक कोणती, यावर मी फार विचार केलाय. थांब म्हणाले ही चूक नव्हती. मी ज्यांचे पैसे सांभाळत होते त्यांच्या बाजूने ते बरोबरच होतं, आणि ती कंपनी कदाचित पाचपट झालीही असती. चूक ही, की ते गणित माझं आहे हे मी त्याला सांगितलं नाही. त्याच्याच भल्याचं सांगतेय अशा आवाजात बोलले. माझ्यासाठी त्याची कंपनी तीसपैकी एक होती, त्याच्यासाठी एकपैकी एक. आमच्या नजरांत हा एवढा फरक होता आणि टेबलावर तो फक्त मला दिसत होता. त्याने माझा शब्द वडीलधाऱ्या माणसाचा म्हणून मानला.

त्यानंतर मी प्रत्येक फाउंडरपुढे कागद ओढून वरचं गणित त्याच्या कंपनीचे आकडे घालून मांडत गेले. विकायचा प्रश्न येईल तेव्हा माझं मत या जागेवरून असेल, तुझं त्या जागेवरून असू दे, असं पहिल्या चेकच्या आधी सांगायचे. काही जण त्यामुळे दुसऱ्या फंडाकडे गेले, त्याचं मला वाईट वाटलं नाही. आता बऱ्याच ठिकाणी मधल्या राऊंडमध्ये फाउंडरला स्वतःचे थोडे शेअर विकू देतात, म्हणजे डोक्यावरचं कर्ज फिटतं आणि मग तो खरोखर आपल्या मनाने थांबायचं की विकायचं ते ठरवू शकतो. तुझ्या हातात असेल तेव्हा याला आडकाठी करू नकोस. जुन्या वळणाची माणसं म्हणतील की त्याची भूक मरते. मी तसं होताना पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट नकाराची. वर्षाला सातआठशे कंपन्या माझ्या समोर यायच्या आणि त्यांतल्या दोन किंवा तीन मी घ्यायचे. म्हणजे या नोकरीत तुझं मुख्य काम नाही म्हणण्याचं आहे. आणि त्यांतले काही नकार चुकणारच. बेसेमर नावाच्या जुन्या फंडाने तर आपण नाकारलेल्या कंपन्यांची यादी स्वतःच जाहीर केली आहे, तिच्यात ॲपल, गूगल, फेडएक्स ही नावं आहेत. ते प्रांजळपण मला आवडतं. पण मला जास्त लागून राहिली ती एअरबीएनबीची गोष्ट. २००८ मध्ये त्यांना दीड लाख डॉलर हवे होते, सबंध कंपनीची किंमत पंधरा लाख धरून. सात गुंतवणूकदारांशी ओळख करून दिली गेली. पाच जणांनी नाही म्हणून कळवलं, दोघांनी उत्तरच दिलं नाही. तिचे एक संस्थापक ब्रायन चेस्की यांनी २०१५ मध्ये नकाराच्या त्या ईमेल प्रसिद्ध केल्या, नावं झाकून. लोक त्या पाच जणांची कीव करतात. मला ते पाच जण चुकले तरी सरळ वाटतात. समोरचा माणूस घरातली शिल्लक किती दिवस पुरेल ते मोजत बसलेला असताना आपण 'बघू' म्हणून त्याला लटकत ठेवायचं, किंवा गप्पच बसायचं, ही खरी वाईट गोष्ट. मी एका बाईंना चार महिने 'बघू' म्हणत ठेवलं होतं. नाही म्हणून दार लावून घ्यायचं नव्हतं, न जाणो त्यांची कंपनी उद्या मोठी झाली तर! तेवढ्यात त्यांची दुसरीकडची बोलणी मोडली. म्हणून दिवस ठरवून घे, आणि त्या दिवशी उत्तर दे, कारणासकट.

रोजच्या कामाबद्दल फार लिहीत नाही, तू सहा महिन्यांत माझ्यापेक्षा जास्त सांगशील. फक्त तेजीच्या दिवसांत जपून राहा. मी या कामात आले तेव्हा बाजार उधाणलेला होता. १० मार्च २००० ला नॅस्डॅक हा अमेरिकी शेअर बाजाराचा निर्देशांक ५,०४८ वर बंद झाला आणि ऑक्टोबर २००२ मध्ये १,११४ पर्यंत खाली आला. पहिल्या वर्षी आम्हाला आपण फार हुशार आहोत असं वाटलं होतं, दुसऱ्या वर्षी काहीच कळत नाही असं वाटलं. दोन्ही वेळा आम्ही तेच होतो, तीच माणसं, तेच काम.

हे वाचून तुला वाटेल की आई घाबरवतेय. तसं नाही गं. हे काम मला आजही मनापासून आवडतं, आणि का आवडतं ते एका पत्रात आहे. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम शॉकली यांच्या प्रयोगशाळेतल्या काही शास्त्रज्ञांना तिथे राहवेना. त्यांतल्या यूजीन क्लायनर यांनी वडिलांच्या ओळखीने न्यूयॉर्कच्या एका ब्रोकर कंपनीला पत्र लिहिलं. मागणी साधी होती, आम्हाला सगळ्यांना मिळून एकत्र नोकरी देईल अशी एखादी कंपनी आहे का? पत्र आर्थर रॉक नावाच्या तरुणाच्या हाती आलं. त्याने साहेबांना सोबत घेतलं, विमानाने सॅन फ्रान्सिस्को गाठलं आणि त्या शास्त्रज्ञांना सांगितलं, नोकरी कशाला, स्वतःची कंपनी काढा. कराराचा कागद तयार नव्हता, म्हणून एक-एक डॉलरच्या कोऱ्या नोटा काढल्या आणि त्यांवर आठ शास्त्रज्ञ आणि ते दोघे अशा दहा जणांनी सह्या केल्या. मग तीसहून जास्त कंपन्यांनी नकार दिला. शेवटी उद्योगपती शर्मन फेअरचाइल्ड यांनी पैसे दिले. त्या आठांतले दोघे, रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर, यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली तेव्हा २५ लाख डॉलर रॉक यांनीच गोळा करून दिले. आणि पत्र लिहिणारे क्लायनर १९७२ मध्ये टॉम पर्किन्स यांच्याबरोबर स्वतःच पैसे देणाऱ्याच्या खुर्चीत बसले.

नोकरी मागायला आलेल्या माणसात कंपनी दिसणं! मला ते आयुष्यात चार वेळा साधलं. चारही वेळा समोरच्या माणसाचा चेहरा कसा बदलला ते मला आजही जसंच्या तसं आठवतं, त्यातून पुढे किती मिळाले ते मात्र कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

वहीवाल्याचं राहिलं. मधली काही वर्षं तो नोकरी करत होता. गेल्या आठवड्यात त्याचा मेल आला, नवं काहीतरी करतोय, बत्तीस पानी पिच डेक, म्हणजे गुंतवणूकदारांपुढे ठेवायची मांडणी, सोबत होतं. फंडातून मी आता बाहेर पडलेय हे त्याला माहीत आहे. 'पैसे नकोत, वाचून खरं काय ते सांगा,' असं लिहिलंय. निम्मं वाचून झालंय. शुक्रवारी उत्तर देते म्हणून कळवलंय, त्यामुळे आज रात्री बसून संपवते.

रविवारी तू येशील तेव्हा ऑफर लेटरचं तिसरं पान घेऊन ये. कॅरी किती वर्षांत आणि कोणत्या अटीवर तुझ्या नावावर होणार, ते कलम मला मोघम वाटतंय. मधेच सोडून गेलीस तर काय, हेही त्यात नाही. सही करायच्या आधी ते लिहून माग.

तुझी,
आई